समुद्रकाठचं खळं

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा त्यांनी कपाळावर आडवा हात धरून लांबवर नजर टाकली. मग म्हणाले, "एवढं पाणी! ह्याची राखण कोण करतं?"

आम्ही माण तालुक्यातली मेंढरं राखणारी माणसं. पाणी दिसलं की ते कुणाचं, हाच आमच्याकडचा पहिला प्रश्न. मी म्हणाले, "कुणीच नाही आबा. म्हणून तर आलोय."

मी घरातली पहिली पदवीधर. आबांनी मेंढरं सांभाळून मला सांगलीला शिकायला ठेवलं, आणि आज मी सांगलीतच एका शाळेत शिकवते. त्याबद्दल त्यांचे आभार मानायला गेलं की ते उठून गोठ्यात जातात. कॉलेजात असताना आमच्या सरांनी आम्हाला कोकणात किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा करायला नेलं होतं. तेव्हापासून जमेल तसं मी त्या मंडळींबरोबर जाते. या वेळी मात्र मी माझ्या घरच्यांनाच घेऊन निघाले होते.

गावात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चुलतीने तोंडाला पदर लावला. "आगं, हितं प्यायला टँकरची वाट बघतोय आन् ही निघाली समुद्र झाडायला!"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात आमची एक गाभण मेंढी फुगून मेली होती. काय झालं ते बघायला आबांनी तिचं पोट फाडलं, तर आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा घट्ट गोळा. तो गोळा हातात धरून ते कितीतरी वेळ बसून राहिले होते. समुद्रात कासवांच्या आणि माशांच्या पोटातही असंच सापडतं, एवढंच मी त्यांना सांगितलं.

"मी येतो," आबा म्हणाले. "पर एक हाय. एकदा उचललेलं परत पाण्यात जाता कामा न्हाई. न्हाईतर कुणाच्या तरी पोटात जायाचं ते."

मी शब्द दिला. आबा निघाले म्हटल्यावर आई निघाली, आई निघाली म्हटल्यावर चुलता-चुलती आणि भावकीतली आणखी चार माणसं. सांगलीच्या बाजारातून मी हळदीची रिकामी पोती मिळवली होती. पहाटे गाडी निघाली. घाट उतरेपर्यंत सगळ्यांचे हात पिवळे झाले होते आणि चुलती विचारत होती, "नवरा कुठं हाय पर, हळद तर लागली?"

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी खूप आत गेलेलं होतं. आम्ही कामाला लागलो. बाटल्या, झाकणं, दात घासायचे ब्रश, औषधाच्या डब्या, गुटख्याच्या पुड्या, एका बाहुलीचं डोकं. चुलतीला चपलाच चपला सापडत होत्या.

"एकाच पायाच्या कशा गं सगळ्या? दुसरा पाय घरी ठिवून येत्यात काय ही माणसं?"

वाळूत अर्धं पुरलेलं एक मोठं नायलॉनचं जाळं चुलत्याने ओढून ओढून बाहेर काढलं. ते बघून आबांचा चेहरा खुलला. "ही तर वाघर हाय की!" रात्री मेंढरांभोवती खुंट्या ठोकून जे जाळं बांधतात ती वाघर. त्यांनी बोटांनी गाठी चाचपून बघितल्या आणि जाळं नीट घडी घालून बाजूला ठेवलं.

पोती भरत आली तसा ती रचायची कुठे, हा प्रश्न आला. ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर दुपारी येणार होता. वरची वाळू भुसभुशीत, पाय रुतत होते. आबांनी किनारा नजरेखालून घातला आणि पाण्याच्या बाजूची एक जागा पसंत केली. कडक, सपाट, एक खडा नाही, एक काटा नाही. टाच आपटून ते म्हणाले, "ह्याच्यापरास चांगलं खळं मिळायचं न्हाई."

आणि खरंच, सारवलेल्या खळ्यासारखीच जागा होती ती! आम्हा सगळ्यांना पटली. मलासुद्धा पटली. भरती-ओहोटी मी परीक्षेत आकृती काढून लिहिली होती, पण सरांबरोबर यायचे तेव्हा पोती कुठे ठेवायची हे दुसरंच कुणीतरी ठरवायचं. जमीन अशी कडक आणि गुळगुळीत का झाली असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे जमीन जिथे असते तिथेच असते.

पिवळ्या पोत्यांची छान रास उभी राहिली. आईला ती तशीच सोडवेना. "रास झाली की पुजायची असती," म्हणून तिने कनवटीची कुंकवाची पुडी काढली. कचऱ्याच्या राशीला कुंकू! चुलता हसायला लागला, पण टोपी मात्र त्याने सरळ केली. आम्ही राशीभोवती उभे राहिलो. आई वाकून कुंकू लावत होती आणि तिच्या पायाखालून पाण्याची एक पातळ जीभ सरकत पुढे गेली.

"आगं बाई, पाया पडाय आलं," चुलती कौतुकाने म्हणाली.

वर होड्यांजवळ एक म्हातारे कोळी जाळं विणत बसले होते. ते उठून ओरडायला लागले, "अहो घाटावरचे! पूजा कसली करताय? भरती लागलीय!"

पुढची लाट गुडघ्याला लागली. बाटल्यांनी भरलेली पोती ती, खालची उचलली गेली आणि सबंध रास हलली. चार-पाच पोती लाटेबरोबर मागे निघालीसुद्धा! जो तो एकेक पोतं धरून वर पळायला लागला. चुलती पोत्यासकट पाण्यात बसली आणि बसल्या बसल्या ओरडली, "माझं न्हाई सोडलं गं मी!" पण आम्ही एक वर न्यायचो तोवर दोन सुटायची. आबा पाण्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर तो मेंढीच्या पोटातला गोळा मला स्पष्ट दिसला. मी दिलेला शब्द डोळ्यांदेखत तरंगत चालला होता.

मग त्यांचा आवाज आला, रानात लागतो तसा. "वाघर आणा रं! फुडनं वेढा घाला!"

चुलता जाळं घेऊन धावला. एक टोक आबांनी धरलं, दुसरं मी, मधे बाकीचे. आमच्यात पोहता कुणालाच येत नाही. पाणी माझ्या कमरेला आलं, पायाखालची वाळू सटकन निघून गेली, आणि खरं सांगते, भीती वाटायला वेळच नव्हता. आम्ही सुटलेल्या पोत्यांच्या पलीकडून अर्धगोल धरला. पोती एकेक करून जाळ्याला येऊन टेकायला लागली. एकाचं तोंड सुटून बाटल्या बाहेर आल्या, त्याही जाळ्याच्या डोळ्यांत अडकल्या.

"हुर्र! हुर्र! चला घरला!" आबा पोत्यांना हाकत होते. मेंढरांना हाकतात तसंच!

जाळं जड झालं. लाट मागे जाताना मलाच ओढायला लागली. तेवढ्यात मागून दोन हातांनी जाळं घट्ट धरलं. ते म्हातारे कोळी होते. "आता ओढू नका पोरी. लाट येऊ दे. आली की तिच्याबरोबर पळा." लाट आली. "पळाऽ!" आम्ही सगळे ओरडत, ठेचकाळत, हसत वर पळालो आणि पिवळी पोती आमच्यापुढे दुडदुडत कोरड्या वाळूवर येऊन पडली. आई टाळ्या वाजवत होती. आईला टाळ्या वाजवताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"वेढा चांगला घालता की," कोळीबाबा धापा टाकत म्हणाले. "पण पोती कुठे ठेवावी ते शिका!"

"आवं, आमच्याकडं पाणी असं चालत येत न्हाई," आबा म्हणाले. "आमालाच जावं लागतं त्याच्याकडं."

दोघेही खूप हसले. ट्रॅक्टर आला. पोती आम्ही सगळ्यांनी मिळून चढवली, अगदी ते कुंकू लावलेलंसुद्धा. जाळं मात्र आबांनी दिलं नाही. ते गाडीच्या टपावर बांधलं.

निघायच्या आधी आबा पुन्हा पाण्याजवळ जाऊन उभे राहिले. ओल्या धोतराने, छाती काढून. आमचं खळं आता पुरतं पाण्याखाली गेलं होतं. लाटा तिथे येत होत्या, सगळीकडे फिरत होत्या आणि रिकाम्या परत जात होत्या.

"बघ कसं हुडकतंय पाणी," आबा मला म्हणाले. "काय बी न्हाई गावायचं त्याला."