नावेवरची टकटक

रोज एकाच नावेतून जाणाऱ्या मास्तरांजवळ किस्से साठणारच. आमचे मात्र सगळे भीतीचे, आणि त्याला जबाबदार दत्तोपंत!

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. आम्ही राहायला बऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात, शाळा तापीपलीकडे. मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दत्तोपंत आमच्या शाळेतले नवे मास्तर, ब्रह्मदेशातल्या लाकडाच्या कंपनीत कारकुनी करून आलेले. पहिल्याच दिवशी भर पात्रात म्हणाले, "तिकडे इरावती नदीत डॉल्फिन असतात. लहानसेच, गोल डोक्याचे. वर येऊन अगदी माणसासारखा श्वास सोडतात." पाण्यात सोडलेला हात मी मुकाट्यानं आत घेतला.

*

तिकडचे कोळी म्हणे नावेच्या काठावर काठीनं टकटक करतात. मग डॉल्फिन येतात आणि मासे जाळ्याकडे हाकतात. दत्तोपंतांनी छत्रीच्या दांड्यानं करूनही दाखवलं.

सुखलाल नावाड्यानं छत्रीच काढून घेतली. "मास्तरसाब, माझ्या नावेवर हे नका करू. बुलाया और कोई आ गया तो?"

तेव्हापासून चढताना छत्री सुखलालच्या हवाली करायची, असा नियमच झाला.

*

एकदा नावेत बरोबर असलेले हेडमास्तर हे ऐकून खूप हसले. समुद्र कुठे, तापी कुठे!

"मंडालेपासूनही समुद्र लांबच आहे," दत्तोपंत शांतपणे म्हणाले.

हेडमास्तरांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

*

बायकोनं बजावलं, नोकरी सोडा नाहीतर पोहायला शिका. गेलो घाटावर. गुडघाभर पाण्यात पोटरीला काहीतरी गुळगुळीत लागलं. मी ओरडत पायऱ्या चढलो. धोतराचा सोगा होता!

*

घाटासमोर नदीत एक दगडी हत्ती आहे; त्याची पाठ पाण्यात बुडाली की नाव बंद. श्रावणात एकदा दुपारी परतताना पाठ दिसत होती म्हणून आम्ही निघालो. मध्यावर आलो आणि ती दिसेनाशी झाली.

पाणी चढत होतं. सुखलालच्या हातातला बांबू मोडला, नाव गरगरत खडकांकडे निघाली. मी फळी धरून बसलो. आपण आता बुडणार, एवढंच कळत होतं.

सुखलालनं छत्री दत्तोपंतांपुढे धरली. "बजाव, मास्तरसाब."

दत्तोपंत पांढरे पडले होते. "इथं ते नसतात रे. मी गंमत करत होतो."

मग सुखलालनंच काठावर दांडा आपटला. टक. टक. टक.

माझ्या कानामागे कुणीतरी श्वास सोडला. लांब, ओला. मान वळवायची माझी छाती झाली नाही. नावेला खालून धक्का बसला आणि तिचं तोंड घाटाकडे वळलं.

दुसऱ्या दिवशी सुखलालनं छत्री परत आणली. दत्तोपंतांनी ती हातात घेतली नाही.

"नावेतच राहू दे," म्हणाले.