फरशीवरचा मलिदा

नर्सने माझी पिशवी पलंगावर उलटी केली. साडी, टॉवेल, कंगवा, सासूबाईंनी दिलेला स्टीलचा डबा. बायकांनी भरलेला वॉर्ड, सगळ्या बघत होत्या. तिने डब्याचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, चाटलं.

"साखर," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "शक्रानित." म्हणजे हिब्रूत खोटारडी.

डबा फरशीवर आपटला. मलिदा होता त्यात. भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, खजूर, वेलची. गूळ त्या गावात मिळत नव्हता म्हणून साखर. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर सासऱ्यांनी एलियाहू हनाबीचं नाव घेऊन त्यावर प्रार्थना म्हटली होती. आम्ही ज्यू, तीही ज्यू, तो नबी हिचाही होता. ती त्या पोह्यांवर पाय देऊन पुढे आली आणि माझ्या थोबाडीत मारली.

"उचल."

मला सातवा महिना होता. मी गुडघे टेकले. पोट मध्ये येत होतं. तिच्या बुटाला खोबरं चिकटलं होतं आणि ती पाय हलवत नव्हती. बुटाच्या कडेने मी दाणे वेचले. कुणीतरी विचारलं, हिचा नवरा काय करतो? नर्स म्हणाली, "साखरेच्या कारखान्यात आहे. घरी पोती असतील." वॉर्ड हसला.

हो, मी उचललं. सगळं उचललं.

आम्ही किर्यात गातला राहायचो. मुंबईहून ज्यूंच्या या नव्या देशात येऊन काही वर्षं झाली होती. माझं पहिलं मूल याच इस्पितळात गेलं होतं. मुलगा. एवढा मोठा की डोकं बाहेर आलं आणि खांदे आत अडकले. एक बाई माझ्या पोटावर कोपर रोवून सगळा भार टाकत होती. दुसरी मांड्या दाबून धरायची आणि मी ओरडले की चापट मारायची. डॉक्टरने ओढलं. काहीतरी मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. माझं मोडलं की त्याचं, ते कळलं नाही. त्याचं होतं. तो रडलाच नाही.

डॉक्टर हात धूत म्हणाला, "तुम्ही भारतातल्या बायका फार खाता."

बस, एवढंच. साखरेचं नाव कुणी काढलं नाही. मी खाखा केली म्हणून माझं पोर मेलं, असंच मी धरून चालले. ताटावर बसले की उचललेला घास परत ठेवायची. नवऱ्याशीही मी हे बोलले नाही.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा दवाखान्यात लघवी तपासली. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली दिवा. निळ्याचं बघता बघता विटकरी झालं. तिथली बाई मान वर न करता म्हणाली, "साखर आहे. पाव नाही, केक नाही, गोड नाही. पुढची."

पुढची म्हणजे पुढची बाई. मी उठले.

पाव बंद केला. केक आमच्या घरात येतच नव्हता. मग खायचं काय? भात. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. पावाची जागा भाताने भरली. एक पोर गमावलेली सून पुन्हा पोटुशी, तिला कुठली सासू उपाशी ठेवील? त्यात सासूबाईंनी हनाबीला नवस बोललेला. हे पोर जगलं तर मोठा मलिदा, आणि तोवर दर शनिवारी रात्री छोटा.

मी म्हटलं, "आई, गोड नको म्हणून सांगितलंय."

"अगो, ह्यो काय गोड हाय? ह्यो नवसाचा. हनाबीचा घास पोटात गेला की पोर राखलं जातं. खा गपचूप."

मी खाल्ला. आम्ही तो गोडात धरतच नव्हतो. गोड म्हणजे दुकानातली मिठाई, लग्नातला हलवा. देवाचं ते देवाचं. दवाखान्यात नळी विटकरीच येत राहिली आणि शेवटी त्यांनी मला इस्पितळात टाकलं.

ज्या दिवशी डबा आपटला त्याच संध्याकाळी नर्सने माझा उजवा हात पट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधला.

"आता चोरून खा," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवर एक मोरोक्कोची बाई होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली. मला तिचा राग आला नाही. तिला तिचं पोट सांभाळायचं होतं.

मी रात्रभर जागी पडून राहिले. बाळ आत लाथा मारत होतं. जोरदार लाथा. एरवी आईला बरं वाटतं. मला धडकी भरली. हे मोठं होतंय. रोज मोठं होतंय. पुन्हा तीच खोली, तेच कोपर, तोच आवाज. आणि मग एक गोष्ट डोक्यात आली, अगदी साधी. मी पाव खात नव्हते, केक खात नव्हते, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते. नळी तर खोटं बोलत नाही. मग मधलं काहीतरी मला सांगितलंच गेलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे दिवस मी स्वतःला खात होते, आणि यांनी तोंड उघडायचे कष्ट घेतले नव्हते.

सकाळी नर्स सुई घेऊन आली. एक शब्द नाही. माझा झगा वर ओढला आणि मांडीत खुपसायला वाकली. डावा हात मोकळा होता. मी तिचं मनगट धरलं आणि पिळलं. काचेची सिरिंज खाली पडून फुटली. तिने दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. मी सोडलं नाही. तिने आणखी मारलं. मी आणखी पिळलं. ती किंचाळली तेव्हा डॉक्टर धावत आला. तोच. ज्याने ओढलं होतं तो.

"सोड तिला."

माझं हिब्रू मोडकं. पण त्या दिवशी अडखळलं नाही. "आधी सांग. काय टोचते? कशाला?"

"इन्सुलिन. साखर उतरायला. सोड."

"पाव नाही खाल्ला. केक नाही खाल्ला. मग साखर कुठून?"

"तू खोटं बोलतेस म्हणून."

"मी काय खाते ते विचार. एकदा तरी विचार."

तो चिडून म्हणाला, "बरं. काय खातेस?"

"भात."

"कधी?"

"तिन्ही वेळा. पोट भरून. आणि हे, साखर घातलेले पोहे." मी फरशीवरचा डाग दाखवला.

त्याने नर्सकडे पाहिलं. "भाताचीही पोटात साखरच होते. पोह्यांचीही. पावासारखीच. ती तुझ्या रक्तातून बाळाला जाते. बाळ फुगतं."

"फुगतं. म्हणजे खांदे अडकतात?"

त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी नर्सचं मनगट सोडलं.

हे एवढंच सांगायचं होतं. चुलीपुढच्या बाईलाही कळेल असं. तेवढं न सांगता यांनी माझ्या पोराचं हाड मोडलं, आणि वर मला हावरट म्हणाले. त्या क्षणी मला त्या माणसाचा गळा दाबावासा वाटला. हात बांधलेला नसता तर दाबलाही असता.

मी म्हटलं, "हात सोड. आणि आता सगळं सांग."

सांगावंच लागलं. एकदम पोटभर नको, थोडं थोडं पण वेळेवर. भात मुठीएवढा, बाकी ताट भाजीचं, मसुराचं, माशाचं. जेवल्यावर वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चालायचं. सुई कशी टोचायची ते मी शिकून घेतलं. माझी नळी माझ्यासमोर तापवायची म्हटलं. नर्स दात खात तापवायची. विटकरीचं हिरवं व्हायला लागलं. मग एका सकाळी ते निळंच राहिलं. मला ती नळी हातातून खाली ठेववेना.

सासूबाई नवा डबा घेऊन आल्या. मी डबा मागे ढकलला. त्यांचा हात उठला.

"हनाबीला नाय म्हणतेस? एक पोर गेलं तरी अक्कल नाय?"

मी त्यांचाही हात धरला. "आई, हनाबीला सांगा थांब म्हणून. पोर हातात आलं की खाईन."

"त्या डागदराचं ऐकतेस?"

"नाही. त्याच्या भरवशावर राहून एक पुरलं. आता मला जे कळलंय त्याचं ऐकते."

सासूबाई पलंगाच्या कडेला बसून रडल्या. मी पण रडले. डबा मात्र परत गेला.

दिवस भरेपर्यंत त्यांनी मला तिथेच ठेवलं. बाळंत व्हायच्या वेळी कुणीतरी पुन्हा पोटावर कोपर टेकलं. मी मान वर करून त्या हातात दात रोवले. रक्त आलं असेल, मी पाहिलं नाही. कोपर गेलं. मुलगी झाली. खांदे सरळ बाहेर आले. ती अशी किंचाळली की दाराबाहेर सासऱ्यांनी टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबली. मला ते नंतर कळलं. तिची टाच टोचून साखर तपासली, लगेच दूध पाजायला लावलं. का, ते मी विचारलं. पोटात होती तोवर माझी साखर मिळत होती, आता एकदम तुटली, तिची फार खाली जाऊ शकते, असं सांगितलं. विचारल्यावर सांगितलं. पण सांगितलं.

नवसाचा मलिदा वॉर्डातच झाला. सासऱ्यांनी प्रार्थना म्हटली. ताट मी माझ्या मांडीवर घेतलं. शेजारी अजून पडूनच असलेल्या मोरोक्कोच्या बाईला घास दिला, समोरच्या खाटेवर दिला, झाडूवाल्या बाईला दिला. एक मी खाल्ला.

तेवढ्यात ती नर्स आली. हसत होती. "माझल टोव," तिने अभिनंदन केलं आणि ताटापुढे हात पसरला. मनगटावर माझ्या नखांचा व्रण अजून दिसत होता.

मी ताटावर पदर घातला.

"तुझा वाटा तू फरशीवर सांडलास," मी म्हटलं. "तो मी तेव्हाच उचलून कचऱ्यात टाकला."

नवरा कानात म्हणाला, "दे गं, पुन्हा यायचंय इथे." येईन ना. पुन्हा येईन, मुलीला घेऊन येईन, तिच्या पोटाला पोर येईल तेव्हा तिच्याही उशाशी बसेन. आणि न सांगता जो हात तिच्या अंगाला लागेल, तो मी धरणार आहे. तोंडातून उत्तर येईपर्यंत सोडणार नाही.