पहाटे चार ते सकाळी आठ

मे महिन्यात आमच्या गावात सकाळी दहा वाजता पालक मेळावा ठेवायचा, हे ज्याला सुचलं त्याची आणि माझी अजून गाठ पडलेली नाही. पडली तर एकच विचारीन, पालक कुठून आणणार होता?

तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. त्यात वर्षभराचं मीठ-मिरची, कपडालत्ता, दवाखाना निघतो. ऊन चढलं की पत्ता मलूल पडतो, म्हणून बाया पहाटे चारला निघतात. आणि निघतात त्या घोळक्यानं, कारण आमच्या जंगलात वाघ आहे. ही काही सांगोवांगीची गोष्ट नाही. मागे एका हंगामात शेजारच्या गावची बाई गेली, तेव्हापासून एकटीदुकटी कोणी आत शिरत नाही आणि लेकरू तर कोणी नेतच नाही. आमच्या आया आम्हाला न्यायच्या, झाडाखाली बसवायच्या. ते दिवस गेले. अकराच्या सुमारास बाया परततात, दुपारभर पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्ता मोजून घेतात त्या जागी, रांगेत उभ्या राहतात. सकाळी दहाला गावात कोण असतं? ज्यांना चालवत नाही ते, आणि जे अजून नीट चालायला शिकले नाहीत ते.

मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष, म्हणून तालुक्याहून फोन मला आला. बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या मॅडम होत्या. विषय होता ‘बालकांचे संरक्षण व कुटुंबाला वेळीच मदत’. महिला गोळा करा, म्हणाल्या. मी सांगितलं, मॅडम, तुम्ही संध्याकाळी पाचला फळीवर या. अख्खं गाव एका रांगेत उभं असतं, कोणाला गोळा करायला नको. त्यावर गाडी पाचला जमा करावी लागते, असं उत्तर आलं. उत्तर नम्र होतं. माझे मालक शेजारीच जेवत होते. ते म्हणाले, “तुले काऊन त्रास? खुर्च्याइले बी ऐकू येते, त्याइले सांगून जातीन.”

झालंही जवळपास तसंच. बॅनर लागला, खुर्च्या मांडल्या. मला मोजायची सवय आहे. अठरा माणसं होती, त्यातली बारा जणं दहा वर्षांखालची आणि बाकीची साठीपुढची. मॅडम तरुण होत्या, कष्टाळूही असाव्यात, त्यांच्यावर वैयक्तिक राग काढायचा नाही मला. पण एवढ्या माणसांचा फोटो वर पाठवता येत नाही, म्हणून त्या शिपायाला आणि अंगणवाडी सेविकेला घेऊन घरोघर माणसं शोधायला निघाल्या. मीही मागोमाग गेले.

तिसऱ्या गल्लीत ती पोरगी दिसली.

साडेतीन वर्षांची. ओसरीत बसून चिंचोके मांडत होती. कमरेला आईच्या जुन्या लुगड्याचा पदर बांधलेला आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. बाप मिरची तोडायला तेलंगणात गेला तो तिकडेच राहिला. घरात आई आणि ही, दोघीच. समोरच्या ओसरीवर शेजारची म्हातारी बसलेली असते, तिचे गुडघे गेलेत पण तोंड शाबूत आहे. ती दिवसभर पोरीशी बोलते, पोरगी तिला उत्तरं देते.

लुगडं किती लांब ठेवायचं ते आईनं नीट बघून ठरवलं होतं. पोरीचा हात पाण्याच्या गुंडापर्यंत आणि मुरमुऱ्यांच्या डब्यापर्यंत पोचायचा. चुलीपर्यंत नाही, रस्त्यापर्यंत नाही, विहिरीपर्यंत तर नाहीच. लेकरू बांधून ठेवणं चांगलं, असं मी म्हणत नाही. कोणतीच आई म्हणणार नाही. पण त्या बाईनं विचार केला नव्हता, असं कोणी म्हणत असेल तर ते मी ऐकून घेणार नाही.

मॅडम थबकल्या. “अरे देवा,” एवढंच म्हणाल्या, आणि मोबाइल काढून फोटो घेतला. आधी फोटो. गाठ सोडली ती नंतर, तीही सेविकेनं.

म्हातारी समोरून ओरडून विचारत होती, कोण आले वो, काय पाह्यजे, पोट्टीले काऊन रडवून राह्यले? मॅडमनी दोन फोन केले आणि सेविकेला सांगितलं की मुलीला जिल्ह्याच्या गावी बालकल्याण समितीपुढे न्यावं लागेल, तोवर बालगृहात ठेवतील. महिला पोलीस वाटेत ठाण्यावरून घेऊ. गाडी आहेच.

इतक्या लवकर ठरलं. याच मॅडमच्या कार्यालयाला गटातर्फे आम्ही आदल्या वर्षी अर्ज दिला होता, की हंगामापुरती अंगणवाडी पहाटे चारला उघडा. त्याचं काही ठरलं नव्हतं.

आई अकराला आली. डोक्यावर पत्त्याचा भारा. गल्लीच्या तोंडाशी तिला दारापुढे सरकारी गाडी दिसली, भोवती माणसं दिसली, आणि तिला वाटलं पोरगी मेली. हे तिनं मला नंतर सांगितलं. भारा तिथेच टाकून ती पळत आली, पोरीला उचललं, तिचे हातपाय चाचपले, डोकं चाचपलं. मग एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, काय झालं ते कोणीतरी सांगेल म्हणून.

मॅडम बोलल्या. कायदा सांगितला, बांधून ठेवणं गुन्हा आहे म्हणाल्या. मुलीला कोणाजवळ ठेवून जाता, असं विचारलं.

“कोनापाशी ठेवू? अंगनवाडी आठले उघडते. मी चारले निघतो. आठले तिले नेऊन सोडाले घरी कोन आहे?”

“मग आठनंतर जा.”

म्हातारी समोरून हसली. “जाय वो माय, एकटी जाय आठ वाजता. वाघ बी उठते तवा, च्या पिऊन बसला असते.”

कोणी तरी फिसकन हसलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. मला त्यांचं वाईटही वाटलं, पण तेवढ्यात शिपाई गाडीचं मागचं दार उघडायला लागला आणि वाईट वाटायचं थांबलं.

मी विचारलं की अंगणवाडीत चार ते आठ एक बाई का बसवत नाही? सेविका खाली बघत म्हणाली, मदतनीसबाई स्वतःच पत्त्याला गेली आहे, तिच्या मानधनात तिचं भागत नाही. ते खरंच होतं. मग मी म्हटलं, दुसरी बसवा, आमच्या गटातली देते. मॅडम म्हणाल्या, तशी तरतूद नाही.

हे ऐकून मी जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं, कारण इतक्या मोठ्यानं मी चारचौघांत त्याआधी बोलले नव्हते. “मॅडम, पोरीले न्यायले गाडीची तरतूद आहे. डिझेलची आहे, पोलीसबाईची आहे. तिथं खाटेची आहे, दोन वेळच्या जेवनाची आहे, अठरा वर्षांची होतवरी सांभाळाची आहे. अन् तिच्या मायपाशी ठेवाले चार घंटे एक बाई बसवाची तरतूद नाई. हा कोनता हिशेब आहे, मले समजावून सांगा.”

गल्लीत तोवर परतलेल्या बाया जमल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात कोयता होता. कोणी काही करणार नव्हतं, कोयता जंगलात जाताना असतोच. तरी शिपायानं गाडीचं दार लावलं. सोमवारी मुलीला घेऊन समितीपुढे हजर राहायचं, असं लिहून घेऊन ते गेले. टाकलेला भारा तोवर उन्हात पापडासारखा झाला होता. फळीवर तसला पत्ता घेत नाहीत.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. दोन एसट्या बदलून. ती रस्ताभर पोरीचा हात सोडेना, पोरीला तहान लागली तरी खाली उतरेना. समितीतले एक गृहस्थ वयस्क होते, त्यांनी शांतपणे विचारपूस केली. मुलगी अंगानं धडधाकट, आईला चिकटलेली, हे त्यांनी पाहिलं. मुलगी आईकडेच राहील म्हणाले. फक्त एक हमी लिहून द्यायची, की यापुढे मुलीला एकटी ठेवणार नाही. आईनं अंगठा नाही, सही केली. मी साक्षीदार म्हणून केली. पहाटेच्या चार तासांचं मी तिथेही काढलं. तो विषय दुसऱ्या विभागाचा आहे, असं कळलं.

हमी तिनं पाळली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोरीला कडेवर घेऊन जंगलात गेली.

घोळक्यातल्या बायांनी येऊन मला सांगितलं, तेव्हा त्या घाबरलेल्या होत्या आणि चिडलेल्याही. पोरगी आत रडत होती. लेकराच्या रडण्याचा आवाज कुठवर जातो आणि कोण ऐकतं, हे त्यांना माहीत आहे. मी तिच्या घरी गेले आणि रागावलेच. काय करून राह्यली तू, वाघ नेईल ना तिले!

ती पुडे बांधत होती. वर न बघता म्हणाली, “घरी ठेवलं त सरकार नेते. वाघ तरी घरात घुसून नाई नेत, बाई.”

त्या रात्री गटाच्या बाया माझ्या अंगणात बसल्या. बरीच तोंडातोंडी झाली. शेवटी ठरलं की रोज एकीनं जंगलात न जाता मागे राहायचं, सगळ्यांची लहान लेकरं सांभाळायची आणि बाकीच्यांनी आपल्या भाऱ्यातून तिचा वाटा काढायचा. सात लेकरं होती. उरलेला हंगाम तसाच गेला. ज्या सेवेसाठी शासनाकडे तरतूद नाही, ती गावातल्या सगळ्यात गरीब बायांनी आपल्या डोक्यावरच्या ओझ्यातून काढली. याचं कौतुक करायला माझ्याकडे काही लोक आले होते. मी त्यांना चहा दिला. कौतुकाचं ऐकून मात्र माझं डोकं फिरलं, कारण कौतुक केलं की कोणाला काही द्यावं लागत नाही.

जूनमध्ये अंगणवाडी पूर्ण वेळ सुरू झाली. ती पोरगी आली नाही. सेविका दोनदा बोलवायला गेली, मग मला म्हणाली, बाई, तुम्ही जाऊन बघा. मी गेले. अंगणवाडीत अंडं मिळतं, वजन होतं, गाणी शिकवतात, हे सगळं सांगितलं. आईनं चहा ठेवला. पोरगी चुलीशेजारी राखेत रेघोट्या ओढत होती. गल्लीतून एखादी गाडी गेली की आईचा हात आधी तिच्याकडे जायचा, मग कपाकडे. दंड मला बारीक वाटला पोरीचा. तो मोजायची पट्टी अंगणवाडीत असते.

“वजन कमी भरलं त लिहून घेतीन ना?” तिनं विचारलं.

लिहून घेतात, ते खरंच आहे. मी म्हणाले, ते मदत करायसाठी लिहितात.

“तवा बी मदतच कराले आले होते,” ती म्हणाली, आणि चहात अजून साखर हवी का ते विचारलं.