तोफबाईंची नवी विद्यार्थिनी

चौथीला शिकवणाऱ्या या बाईंचा आवाज असा दणदणीत, की पोरांनी त्यांचं नाव तोफबाई पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं. पण दूरच्या मुलखातून आलेली एक नवी पोर या तोफेपुढे ढिम्म. अक्षरं नवी, म्हणून लिहिणं तुटकं. आणि “समजलं का? येतंय का?” विचारावं, तर तोंडातून ब्र नाही. भुवया उडवायची, नाहीतर नाक मुरडायची.

“उर्मट कार्टी!” तोफबाई चडफडायच्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणायच्या की हिला डोकंच नाही. पोरीला वेगळ्या शाळेत धाडायचं ठरलं. शाळा सुटल्यावर आई सहीला येणार होती.

मधल्या सुट्टीत तोफबाईंनी एआय उघडलं. पोरांच्या आईबापांच्या कामधंद्यांवरून गणितं रचायला त्या ते नेहमी वापरायच्या. आज रागारागात पोरीचं गाऱ्हाणंच घातलं. उत्तर आलं, ‘काही समाजांत भुवया उंचावणं म्हणजे हो आणि नाक मुरडणं म्हणजे नाही. हिच्या घरी तसं आहे का, मला माहीत नाही. उत्तर तुम्हाला ठाऊक असलेलेच प्रश्न विचारून पाहा.’

“काहीतरीच!” म्हणत बाई उठल्या आणि डबा खाणाऱ्या पोरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मी तुझी आई आहे?” नाक मुरडलं.

“आठ सत्ते चोपन्न?” पुन्हा नाक.

“छप्पन्न?” भुवया वर.

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. भूगोल, विज्ञान, कविता, त्या विचारतच सुटल्या. एक उत्तर चुकेल तर शपथ! शेवटी त्यांनी अगदी हळू विचारलं, “म्हणजे इतके दिवस तू मला उत्तरंच देत होतीस?”

भुवया वर. बाई तिथेच बाकावर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी लाँड्रीतलं काम आटोपून आई आली. मोठ्या बाईंनी विचारलं, “घरी सांगितलेलं कळतं का हो हिला?” आईनं नुसत्या भुवया उंचावल्या.

“बघा! आईसुद्धा उत्तर देत नाही.”

“दिलं की!” तोफबाई अशा कडाडल्या, की बाहेरचा शिपाई धावत आला. “हो म्हणाल्या त्या! आता पोरीला विचारा. तोंडाकडे बघून विचारा.”

मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला आणि पहिल्यांदाच पोरीकडे नीट पाहिलं. “बाळ, तुला इथंच शिकायचंय?”

पोरीच्या भुवया थेट केसांना जाऊन भिडल्या.  मोठ्या बाईंनी सहीचा कागद उचलला आणि टराटरा फाडून टाकला.