वेशीला दार न्हाई, पण किल्लीवाला हाय

किस्से गोळा करायला मी कधी गेलो नाही. रविवारी सकाळी सात वाजता दहा-पंधरा माणसं मागं घेऊन बीडच्या जुन्या गल्ल्यांतून निघायचं, बस्स! परत येईपर्यंत धोतराला कुसळं चिकटावीत तसे चार-दोन किस्से अंगाला चिकटलेलेच असतात. झटकले तरी जात नाहीत. त्यातले थोडे तुम्हाला सांगतो.

आधी ओळख. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो, आता रिटायर. जन्मभर पोरांना कमान काढायला शिकवली, आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दगडी कमानीची जुनी वेस उभी, तिच्याकडं कुणी मान वर करून बघेना. एक दिवस तिच्यावर नगरपालिकेचा कागद चिकटला, 'धोकादायक बांधकाम'. म्हणजे एक साहेब येणार, पाहणी करणार, आणि त्यांनी तसं लिहून दिलं की वेस पाडायची.

त्या कमानीखाली गफूरचाचांचं कुलूप-किल्लीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक पेटी, एक स्टूल, कानस आणि भिंतीला दोन खुंट्या. त्यांचे वडीलही तिथंच बसायचे. चाचांनी कागद वाचला आणि म्हणाले, "सर, वेशीला दार न्हाई, कुलूप न्हाई, पण किल्लीवाला हाय. आता त्योबी जानार."

मला असला राग आला की विचारू नका. म्हटलं, लोकांनी बघितलं तर लोक बोलतील, आणि लोक बोलले तर वेस वाचेल. असा आमचा हेरिटेज वॉक सुरू झाला. सुरुवात कुठूनही होवो, शेवट वेशीपाशी.

*

पहिल्या रविवारी माणसं आली तीन. एक माझी बायको. दुसरा माझा दोस्त भास्कर, नेकनूरहून पहिल्या बसनं आलेला. तिसरे एक अनोळखी गृहस्थ, पांढरेशुभ्र बूट घातलेले.

मला हुरूप आला. मी पहिल्या चौकात थांबलो, काठी उचलली आणि सुरू झालो, "ही समोरची भिंत बघा, हिचा चुना..."

गृहस्थ पुढं निघून गेले! मी त्यांच्या मागं पळालो, दुसऱ्या चौकात गाठलं, पुन्हा काठी उचलली. गडी पुन्हा पुढं! तिसऱ्या चौकात मला धाप लागली. म्हटलं, "अहो, जरा थांबा की! ऐका तरी!"

ते जागच्या जागी पाय हलवत म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, थांबायला न्हाई!"

भास्कर मागून ओरडला, "का बे मास्तर, गाईड कोन हाय नेमका?"

*

आमच्या वॉकचा एक नियम आहे. तो मी केला नाही, सुमनकाकूंनी केला. सुमनकाकू म्हणजे वेशीजवळचं पहिलं घर. नियम असा की चहाला नको म्हणायचं नाही. "चहा पिला की मानूस गल्लीतला झाला. न्हाई पिला तर त्यो वाटसरू," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

एकदा पुण्याहून एक ग्रुप आला. हातात छापलेलं टाईमटेबल! सव्वासात ते साडेसात अमुक, साडेसात ते पावणेआठ तमुक. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, देवा, आता काय खरं नाही.

सुमनकाकूंकडं चहा झाला. शेजारच्या घरानं ते दारातून बघितलं. "त्यांच्याकडं घेतला, मग आमी काय घोडं मारलं?" तिथं पोहे झाले. पलीकडच्या घरी आदल्या दिवशी पाहुणे येऊन गेले होते, तिथं शिरा निघाला. चौथ्या घरी नको म्हणायला मी तोंड उघडलं, तर म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमच्या लग्नात मी पोळ्या लाटल्यात." झालं! आम्ही आत.

साडेदहाला गल्लीचं दुसरं टोक आलं. ग्रुपमधल्या एक बाई ढेकर आवरत अगदी नम्रपणे म्हणाल्या, "सर, नाश्ता फारच छान होता. हेरिटेज कधी सुरू होणार?"

*

कंकालेश्वराच्या देवळात मी नेहमी फॉर्मात असतो. पाण्यात उभं असलेलं काळ्या दगडाचं देऊळ, बोलायला काय कमी? एकदा नांदूरघाटचा एक मेंढपाळ आला होता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला, "सर, येवढा दगुड वर कसा चढवला?"

मी म्हटलं, याबद्दल तीन मतं आहेत. पहिलं मत मातीच्या उताराचं. दुसरं लाकडी परांचीचं. तिसरं मत सांगताना मी स्वतःच जरा अडखळलो. पण थांबतोय कोण!

त्यानं शांतपणे विचारलं, "म्हंजी तुमालाबी म्हाईत न्हाई?"

"तसं नाही, अभ्यासकांमध्ये..."

"मग सरळ न्हाई म्हना की! आमी काय मारतो का?"

सगळा ग्रुप हसला. तो मात्र भिंतीपाशी गेला, दोन दगडांच्या सांध्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "मधी चुना न्हाई. नुसता बसवलाय." माझ्या तिन्ही मतांपेक्षा लोकांना ते जास्त पटलं. पुढच्या रविवारपासून मीही सांध्यावरनं बोट फिरवायला लावतो, आणि हे मी शोधलं असं अजिबात सांगत नाही. म्हणजे, क्वचितच सांगतो.

*

खजाना बावडीला एकदा एक पुढारी आले. पांढरे कपडे, मागं सहा कार्यकर्ते, त्यातल्या चौघांच्या हातात मोबाईल. मी म्हटलं, "साहेब, ह्या विहिरीचं पाणी पंपाशिवाय शेताला जायचं. आणि दुष्काळातही विहीर आटत नाही म्हणतात लोक."

पुढारी खूश. "लई भारी काम झालंय! कुठल्या योजनेतलं?"

मी म्हटलं, "योजना नाही साहेब, निजामशाहीतलं आहे."

त्यांनी कार्यकर्त्यांकडं बघून मान हलवली. "म्हंजी मागच्या सरकारचं!"

दोन दिवसांनी चौकात बॅनर लागला. विहिरीत डोकावणारे पुढारी, आणि खाली ठळक अक्षरांत, 'विहिरीच्या कामाची पाहणी करताना'. भास्करनं बॅनरखाली उभं राहून फोटो काढला आणि मला पाठवला. वर लिहिलं, 'पाहणीची पाहणी करताना'.

*

आता माझी फजिती. ही मी सांगितली नाही तर भास्कर सांगेल, आणि मीठमसाला लावून सांगेल.

वेशीपाशी एका पोरीनं विचारलं, "सर, एवढ्या मोठ्या दरवाजाची किल्ली केवढी असेल?" मी उत्तर द्यायच्या आत चाचांनी पेटीमागून हातभर लांबीची लोखंडी किल्ली काढून तिच्या हातात दिली!

काय सांगू! माझ्या अंगावर काटा आला. मी किल्ली दोन्ही हातांनी वर धरली आणि दहा मिनिटं बोललो. घडीव लोखंड, तो काळ, ते कारागीर, संध्याकाळी वेशीचं दार बंद करणारा पहारेकरी... माझा आवाजसुद्धा भरून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, किल्लीसोबत फोटो काढले.

सगळे गेल्यावर चाचा हळूच म्हणाले, "सर, ती दुकानाची पाटी हाय. मागच्या दिवाळीत लोहाराकडनं करून घेतली. गिऱ्हाईकाला लांबून दिसावं म्हनून."

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

"तुमी येवढं झकास बोलत हुता, मधी कावून तोडू?"

*

आणि मग साहेबांच्या पाहणीचा दिवस आला.

त्या सकाळी मी वेशीत गेलो तर चाचांनी खुंट्यांवरच्या किल्ल्या उतरवून पेटीत भरल्या होत्या. नुसतं स्टूल बाहेर होतं. म्हणाले, "सर, उद्या उचलायची घाई नको." मी उगाच पेटीचं झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं.

साहेब आले भर दुपारी बाराला, वैशाखाच्या उन्हात. डोक्यावर हेल्मेट, हातात फाईल. आमची वॉकची माणसं जमली होती. भास्कर नेकनूरहून आला होता, आणि पांढऱ्या बुटांचे गृहस्थसुद्धा आले होते, चक्क एका जागी उभे! मी भाषण चार पानं लिहून आणलं होतं.

साहेब म्हणाले, "भाषण नको. मला फक्त रिपोर्ट लिहायचाय."

सुमनकाकू चहाचा ट्रे घेऊन पुढं झाल्या. "नको," साहेब म्हणाले. काकूंचं तोंड एवढंसं झालं. गल्लीत कुजबुज सुरू झाली. ह्या गल्लीत चहाला नको म्हणणारा पहिला माणूस, आणि तोही आजच!

साहेबांनी फोटो काढले, टेपनं मापं घेतली, दगडांवर ठोकून बघितलं. मग फाईल उघडून जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि हात चटकन मागं घेतला. बॉनेट तापून तवा झालेलं. जीपमध्ये बसले, तर आत भट्टी. कपाळाचा घाम कागदावर टपटप पडायला लागला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि सरळ वेशीच्या कमानीखाली आले.

चाचा उठले. फडक्यानं स्टूल पुसलं आणि पुढं सरकवलं.

साहेब बसले. हेल्मेट काढून रिकाम्या खुंटीला अडकवलं. वेशीत कायम वारं असतं, तेव्हाही होतं. साहेबांनी डोळे मिटून दोन श्वास घेतले. "इथं बरंय," म्हणाले. मग फाईल मांडीवर घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

चाचा जरासे वाकले. "साहेब, येक विनंती हाय."

"बोला."

"धोकादायक लिवायचं असंल, तर भाईर उनात बसून लिवा."

पेन थांबलं. साहेबांनी मान वर केली आणि कमानीकडं बघितलं. मग टोपण लावून पेन खिशाला अडकवलं आणि सुमनकाकूंकडं वळून म्हणाले, "मावशी, मघाशी ते चहाचं काय म्हणत होता?"