रेस दिली तरी गाडी उठत नाही!

गॅरेजात दोन गोष्टी साठतात: जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला महिन्याला माणूस येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते मीच वाटत फिरते! त्यातही 'मावशी, गाडीला पिकप नाही' या एकाच तक्रारीचे इतके जमलेत की सांगायला बसले तर चहा तीनदा गरम करावा लागेल.

लालबागला आमचं गॅरेज. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या दिरांचं, सदाभावजींचं. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, विकून टाक. मी म्हटलं, शिलाई मशीन बिघडलं तर मीच उघडते, मग इंजिन काय आभाळातून पडलंय? उघडत गेले, शिकत गेले. आजही बॉनेटला कान लावला की दुखणं कळतं. सदाभावजींनी हौसेने गाडीचं दुखणं आकड्यांत दाखवणारा स्कॅनर आणला, तो मी कपाटात ठेवून दिला. आपल्याला नाही लागत!

मुलगा विजय करी रोडच्या टॉवरमध्ये राहतो. मला सत्तरी लागली तशी त्याची रोजची टकळी, "आई, बस्स झालं. घरी बस."

एकदा चिडून बोलून गेले, "एकच गाडी एकच तक्रार घेऊन दुसऱ्यांदा माझ्या दारात आली, तर शटरची चावी तुझ्या हातात!"

बोलले ते बोलले. तेव्हापासून प्रत्येक गाडी म्हणजे परीक्षा!

*

एका बाईंची गाडी पिकपच घेईना. मोठ्या वर्कशॉपने इंजिन खोलायला सांगितलेलं. बाई रडकुंडीला आलेल्या.

मी एअर फिल्टरचं झाकण उघडलं मात्र, सात शिंका! आख्खा फिल्टर लालभडक. गाडी वर्षभर मसाला कुटायच्या डंकासमोर उभी राहत होती ना!

"बाई, इंजिन ठणठणीत आहे. फक्त रोज तिखट हुंगतंय बिचारं!"

सदाभावजींनी फिल्टर पेपरवर आपटला, खालचा ढीग बघितला आणि म्हणाले, "वयनी, ह्येच्यात एक कोंबडी शिजात!"

*

गिरगावचे एक वकील. गाडी नवीकोरी, आठ महिन्यांची. आल्या आल्या गरजले, "रेस देतोय तरी ढिम्म! मी केस करणार कंपनीवर!"

सदाभावजी त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारून आले. डॅशबोर्डकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हे हिरवं पान कधीपासून पेटतंय?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, एसी चांगला चाललाय!"

पेट्रोल वाचवायचा इको मोड! तो चालू असला की गाडी पायाचं ऐकते, पण सावकाश. सदाभावजींनी बटण दाबलं आणि त्यांनाच चालवायला दिली. गाडी अशी उसळली की वकिलांचा चष्मा मिशीवर!

चष्मा सावरत म्हणाले, "केस मागे घेतो."

*

दादरच्या मास्तरांच्या वेळेला मात्र चावी हातची जाता जाता राहिली. त्यांच्या गाडीचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, काजळीने काळा ठिक्कर. तो लख्ख केला आणि बजावलं, "मास्तर, आता दहा मिनिटं रेसला पाय लावू नका. चालू ठेवून बसा. झडप साफ झाली, किती उघडायचं ते तिला नव्याने शिकू दे."

"बाई, मी जन्मभर पोरं शिकवली. गाडीला काय शिकवायचं?" म्हणाले आणि दिली रेस, गेले!

पाच मिनिटांत हजर. गाडी उभ्या उभ्या घुर्र घुर्र करतेय. नेमका विजय डबा द्यायला आलेला.

"आई! परत आली! चावी दे!"

"अरे जा! तक्रार वेगळी आहे! मघाशी उठत नव्हती, आता बसत नाहीये!"

मग मास्तरांना दहा मिनिटं हाताची घडी घालून बसवलं. गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

*

आणि मग आली खुद्द विजयचीच गाडी. "आई, घेतल्यापासून ब्रिज चढताना धापा टाकते गं."

मी कान लावला. थ्रॉटल साफ केला, दहा मिनिटं शिकवला, गाडी पाठवून दिली.

आठ दिवसांनी गाडी पुन्हा दारात. तीच गाडी, तीच तक्रार! विजयने नुसता तळहात पुढे केला.

सदाभावजींनी कपाटातून स्कॅनर काढला. "वयनी, एकदा तरी?"

"लावा."

मग मी म्हटलं, "विजय, पूर्ण रेस दे."

पेडल किती टक्के दाबलं त्याचा आकडा स्कॅनरवर आला, साठ.

"मेल्या, पूर्ण म्हटलं ना!"

"अगं आई, टेकलाय पाय खाली!"

सदाभावजी म्हणाले, "मशीन खोटा बोलणा नाय, वयनी. शंभर होवक व्हये."

इतकी वर्षं मी बॉनेटमध्येच डोकं घातलं. त्या दिवशी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या दाराशी गुडघे टेकले आणि पेडलखाली हात घातला. रबरी मॅट उचलली. खाली चार पदरी गोधडी! माझ्या जुन्या लुगड्यांची, लाल काठाची. गाडी आली त्या दिवशी पोराच्या पायाला मऊ लागावं म्हणून मीच शिवून दिलेली. पेडल खाली येऊन तिच्यावरच अडत होतं.

"वर ठेवली तर मळेल," विजय हळूच म्हणाला, "म्हणून मॅटच्या खाली घातली."

गोधडी ओढून काढली. "दे आता रेस!"

"शंभर!" सदाभावजी ओरडले. इंजिन असं गरजलं की समोरचा पानवाला टपरीबाहेर आला!

पण शब्द म्हणजे शब्द. मी कमरेची चावी सोडली आणि विजयच्या तळहातावर ठेवली.

त्याने चावीकडे बघितलं. माझ्या काखेतल्या गोधडीकडे बघितलं. मग चावी परत माझ्या मुठीत दाबून म्हणाला,

"यात मेकॅनिकची काय चूक? चूक शिवणारीची. उद्यापासून तुझं शिवणकाम बंद!"