खरखर

आमच्या भोरच्या गल्लीत टेलिफोनचे एक लाइनमन राहायचे. त्यांचं बोलणं म्हणजे, "थांबा, ऐकू द्या जरा." माझं ब्रॉडबँड रोज रात्री तुटायला लागलं, तेव्हा ते ट्रान्झिस्टर कानाला लावून तारेखालून निघाले. स्टेशन नव्हतंच, नुसती खरखर. ती वाढत वाढत त्यांच्याच दारात पोचली. आत त्यांची बायको, आमच्या भाभी, ईदचे कपडे शिवत होत्या. मशीनला मोटर होती; तिच्या ठिणग्यांचीच ही खरखर, तीच लाइन तोडत होती.

"असू द्या हो ईद होईपर्यंत," मी म्हणालो.

"न्हाई. लाइन माज्याकडं हाय." तिथंच त्यांनी मोटर सोडवली आणि पायाचा पट्टा चढवला.

नेट पुन्हा तुटलं नाही. रात्री मी मोडेम बंद करून पडायचो, तरी भाभींचे पाय थांबत नसत.